घट्ट विणीच्या टोप्या

नागपुरात मे महिन्यात लोकरीची टोपी विणत बसलेल्या माणसाकडे लोक कसं पाहतात, ते मला आता पाठ झालं आहे. आधी ते कूलरकडे पाहतात, मग माझ्या हातातल्या सुयांकडे, आणि शेवटी माझ्या बायकोकडे. बायकोकडे पाहताना चेहऱ्यावर जी कणव येते, ती खरं तर माझ्या वाट्याची असते.

समोरच्या वहिनी दुपारी बर्फ मागायला आल्या होत्या. वाटी हातात धरून दारातच थबकल्या.

"भाऊजी, हे काय करून राहिले?"

मला उत्तर देता येईना, कारण तोंडात आइस्क्रीमच्या काड्यांची चळत होती. एकावर एक रचून दातांत उभी धरलेली. बायकोनंच सांगितलं, "टोपी विणून राहिले."

"मे महिन्यात?"

"त्यांना काही विचारू नका, वहिनी. सध्या त्यांचं तोंड मिटत नाही अन् हात थांबत नाही."

वहिनी बर्फ न घेताच गेल्या. त्यांच्यासाठी काढलेला बर्फ वितळला, ते पाणी बायकोनं कूलरमध्ये ओतलं.

हे सगळं एका पाणीपुरीपासून सुरू झालं. उन्हाळ्याच्या तोंडावर नात्यातलं एक लग्न होतं. जेवणाआधी लोक पाणीपुरीच्या ठेल्याभोवती गोळा झाले होते, मीही उभा राहिलो. पुरी हातात आली, मी आ केला, आणि पुरी ओठांवरच अडली. पुढे जाईना. मागे माणसं उभी, पाणी गळायला लागलेलं. मी घाईत पुरी दातानं फोडली आणि पुदिन्याचं सगळं पाणी पांढऱ्या कुर्त्यावरून खाली गेलं. बायको शेजारीच होती. तिनं रुमाल दिला नाही. माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाली, "अहो, तोंड उघडा."

"उघडलंच आहे."

"हे उघडलं आहे?"

पुढच्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे. डॉक्टर आमच्या मुलीच्या वयाची. तिनं मला तीन बोटं जोडून उभी तोंडात घालायला सांगितली. दोन गेली, तीही कशीबशी. मग तिनं बॅटरी लावून गालाच्या आत पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं. मला तो वेळ आवडला नाही.

"खर्रा किती वर्षांपासून खाता?"

"असाच. अधूनमधून."

यावर बायको हसली. ते हसू असं होतं की डॉक्टरनं पुढचं काही मला विचारलंच नाही, तिलाच विचारलं. मग मला सांगितलं की खर्रा आजपासून बंद. कमी नाही, बंद. तोंड उघडायचा व्यायाम म्हणून काड्या धरायच्या, हळूहळू एकेक वाढवायची. गालाच्या आत एक पांढरा चट्टा आहे, तो थंडीच्या सुरुवातीला पुन्हा पाहू. तोवर निवळला तर ठीक, नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल.

बायकोचे वडील खर्र्यापायीच, तोंडाच्या कॅन्सरनं गेले होते. शेवटचे काही महिने ते आमच्याकडेच होते आणि त्यांचं सगळं तीच करत होती. घरी आल्यावर तिनं चपला काढल्या, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाबांना मी नळीनं पेज दिली. तुम्हाला देणार नाही. सांगून ठेवते."

ती देईल हे मला माहीत होतं. भीती त्याचीच होती.

ज्यांनी कधी खर्रा खाल्ला नाही, त्यांना वाटतं हे तोंडाचं व्यसन आहे. अर्धंच खरं आहे. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तो घोटावा लागतो. तळहातावर पन्नी धरून अंगठ्यानं रगडत राहायचं, गप्पा मारत, साहेबाची वाट पाहत, काही न करता. माझ्या अंगठ्याला या कामाशिवाय दुसरं काम ठाऊक नव्हतं. खर्रा सुटला तसा तो मोकाट सुटला. मी विजेचं बिल घोटलं. ऑफिसात फायलींच्या नाड्या घोटल्या. टीव्ही पाहताना शेजारी बसलेल्या बायकोच्या पदराचं टोक घोटलं, तेव्हा तिनं पदर ओढून घेतला आणि जागा बदलली. रविवारी घरातले सगळे पंखे पुसले. मिक्सर खोलला, तो अजून खोललेलाच आहे. रात्रीचं जेवण झालं की मी या खोलीतून त्या खोलीत आणि त्या खोलीतून या खोलीत, एखादी वस्तू हरवल्यासारखा फिरायचो. काय हरवलं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

अशात मौद्याहून माझी मोठी बहीण आली. ती शाळेतून रिटायर झाल्यापासून तिच्या पिशवीत नेहमी विणकाम असतं. तिनं दिवसभर माझी येरझार पाहिली. संध्याकाळी सोफ्यावर हात आपटून म्हणाली, "बस इथं. काहून फिरून राहिला कोंबडीसारखा?"

"ताई, तल्लफ येते गं."

"तोंडाले नाही येऊन राहिली तुले. हाताले येऊन राहिली. पाहून राहिली मी सकाळपासून, अंगठा एक मिनिट स्वस्थ नाही. धर."

तिनं दोन सुया माझ्या हातात दिल्या. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी म्हणालो, लोक काय म्हणतील. ताई म्हणाली, "लोक आतापर्यंत काय म्हणत होते, ते सांगू काय?"

टाके घालायला तिनं तिथल्या तिथं शिकवलं. मग सुलट, मग उलट. मी म्हटलं, स्वेटर करतो. ती म्हणाली, "स्वेटर तुझ्यानं नाही होत. तुले धीर नाही. टोपी कर. टोपी लवकर होते, अन् चुकली तर कुणाच्या तरी डोक्यात जातेच."

शेवटचं वाक्य खोटं निघालं.

लोकर आणायला मी गांधीबागेत गेलो. दुकानदारानं शिडी लावून वरच्या फळीवरून गठ्ठा काढला, आधी स्वतःच्या अंगावरची धूळ झटकली, मग गठ्ठ्यावरची. "भाऊ, काश्मीरला बदली झाली काय?"

"नाही. टोप्या विणतो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि जास्त काही न बोलता गुंडे बांधून दिले. मेट्रोत पिशवी तपासणारा मात्र गप्प बसणारा नव्हता. याआधी माझ्या खिशातून खर्र्याची पुडी निघाली की तो ती टोपलीत टाकायला लावायचा. आता सुया निघाल्या. त्यानं त्या उजेडात धरल्या, टोकाला बोट लावून पाहिलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, "काकू के लिए?" मी हो म्हणालो. सीताबर्डीपर्यंत मला त्याची लाज वाटत राहिली.

पहिली टोपी बायकोची. बाहेर लू चालली होती, घरात पडदे ओले करून लावले होते, आणि मी तिला लोकरीची टोपी घालून पाहायला सांगत होतो. तिनं घातली. म्हणजे घालायचा प्रयत्न केला. टोपी कपाळाच्या वरच अडली. माझी पाणीपुरी अडली होती, अगदी तशीच. तिनं दोन्ही हातांनी ओढून ती कशीबशी कानांपर्यंत आणली, थोडा वेळ ठेवली आणि काढली तेव्हा कपाळावर लाल कडं उमटलेलं होतं.

"टाके कमी झाले असतील," मी म्हणालो.

टाके बरोबर होते. ताईनं फोनवर निदान केलं. मी लोकर इतकी आवळून धरत होतो की प्रत्येक टाका सुईला मिठी मारून बसत होता. "हात सैल सोड बाबा. दोरखंड नाही वळून राहिला तू." मी सोडायचा प्रयत्न केला. पण तल्लफ आली की बोटं आपोआप आवळत, आणि तल्लफ तर सारखीच येत होती. दुसरी टोपी मुलीची. ती पुण्याला नोकरी करते. तिला कुरियरनं पाठवली. तिनं ती नारळावर घालून फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "बाबा, गिऱ्हाईक मिळालं."

तिसरी ताईच्या नवऱ्यासाठी, ती दुधाच्या बरणीला आली. चौथी ताईसाठी केली, तिच्यात तिनं आता सुया ठेवल्या आहेत. पावसाळा आला, पोळा झाला, गणपती बसले आणि उठले, मी विणतच होतो. घरातल्या प्रत्येक गोलाकार वस्तूला टोपी झाली. डोकं तेवढं एकही बसलं नाही. पण काड्यांची चळत हळूहळू वाढत होती. खर्रा सुटलेला होता, आणि जो कोणी मला जवळचा वाटायचा, त्याच्या नावानं मी घट्ट, निरुपयोगी टोपी करत होतो.

बायकोचा एक नेम होता. टोपी पुरी झाली की ती हातात घ्यायची, आत चार बोटं घालून ताणून पाहायची, आणि घट्ट निघाली की "हं" म्हणून कपाटात ठेवायची. मला वाटायचं, बिचारी, एखादी तरी सैल निघेल म्हणून पाहत असेल.

दिवाळीनंतर मुलीचा फोन आला. नव्या वर्षात तिची बदली चंदीगडला होणार होती. "बाबा, तिकडे खरंच थंडी असते. एक टोपी करा. एकच करा, पण डोक्यात जाईल अशी करा."

मागून घेतलेली ही पहिलीच टोपी. मी गांधीबागेतून मरून रंगाची चांगली लोकर आणली, टाके वाढवून घातले, बॉर्डर सुरू केली. आणि त्याच आठवड्यात डॉक्टरकडून निरोप आला, पुढच्या सोमवारी या.

सोमवार हा शब्द माझ्या डोक्यात शिरला आणि बाहेर निघेना. आंघोळ करताना मी गालाच्या आत जीभ फिरवायचो. तिथं काही लागतंय का? कालच्यापेक्षा जास्त लागतंय का? दाढी करताना आरशात तोंड उघडून मोबाईलची बॅटरी लावायचो. काही दिसायचं, काही नाही दिसायचं. बायकोला विचारायची सोय नव्हती, कारण ती माझ्याइतकीच सोमवारकडे पाहत होती. फक्त तिनं ते भांडी घासण्यात लपवलं होतं. घरातली भांडी त्या आठवड्यात आरशासारखी झाली होती.

गुरुवारी सकाळी मला अचानक आमच्या कोपऱ्यावरच्या पानठेलेवाल्याची आठवण आली. थंडी पडायला लागली होती. माणूस उजाडता उजाडता ठेला उघडतो, समोरून वारा येतो, डोक्याला काही नाही. त्याला कोणी टोपी दिली का? इतकी वर्षं त्यानं मला प्रेमानं खर्रा घोटून दिला, मी लांबून दिसलो की त्याचा अंगठा चालायला लागायचा. मी उन्हाळ्यापासून रस्ता बदलला होता, त्यालाही वाईट वाटलं असेल. आपल्या माणसांत तो नाही का? माझं मन असं गोड बोलायला लागलं की मी सावध व्हायला पाहिजे. झालो नाही. कपाटातून त्यातल्या त्यात मोठी टोपी काढली, मुलीच्या टोपीची पिशवी सोबत घेतली आणि निघालो.

"अरे भाऊ!" तो ठेल्यामागून उभाच राहिला. "कुठं गेले होते? मले वाटलं बदली झाली."

"हे घे. तुझ्यासाठी केली."

"तुम्ही केली? हातानं?"

त्यानं टोपी घातली. त्याचं डोकं लहान आहे, हे मला इतक्या वर्षांत समजलं नव्हतं. टोपी बसली. माझ्या हातची, डोक्यात बसलेली पहिली टोपी. त्यानं ठेल्याच्या आरशात वाकून पाहिलं, कान आत घातले, बाहेर काढले, पुन्हा आत घातले. त्याचा चेहरा असा झाला की माझंच नाक चुरचुरलं. मग त्यानं पन्नी ओढली, सुपारी घातली आणि घोटायला लागला.

"नको रे. मी सोडला."

"आजचा माझ्याकडून भाऊ. मले टोपी अन् तुमाले काही नाही, असं कसं चालंल?"

आता यात नाही म्हणायचं कसं? माणसानं प्रेमानं दिलेलं परत करायचं कसं? हे प्रश्न मी तिथं उभ्या उभ्या स्वतःला फार कळकळीनं विचारले. उत्तराची वाट पाहिली नाही.

खर्र्यामुळे सोमवारी काय होईल, या भीतीनं मी खर्रा खाल्ला. हे वाक्य मी नंतर बऱ्याचदा उलटसुलट वाचून पाहिलं, ते कुठूनही वाचलं तरी तसंच लागतं.

पुढचा वेळ मात्र फार सुखाचा गेला, खोटं काय बोलायचं. ऑफिसला जायला अवकाश होता. मी बागेतल्या बाकावर उन्हात बसलो, मुलीची टोपी काढली. हात असे चालले की माझे वाटेनात. टाका सुईवरून दुसऱ्या सुईवर आपोआप सरकत होता. ऊन पाठीवर होतं. सोमवार कुठंतरी लांब, दुसऱ्याच कुणाचा होता. संध्याकाळी परतताना पुन्हा तिथंच थोडं बसलो आणि टोपी जवळजवळ वरपर्यंत नेली. खर्रा केव्हाच संपला होता, पण हातांना अजून ते कळलं नव्हतं. वीण एकसारखी, मऊ, दुकानातल्यासारखी.

घरी येण्याआधी तोंड नीट धुतलं, बडीशेप खाल्ली. बायको भाजी निवडत होती. मी टोपी तिच्या पुढ्यात ठेवली. "बघ. आता म्हण काय म्हणायचं ते."

तिनं पदराला हात पुसले. नेहमीप्रमाणे आत चार बोटं घातली आणि ताणली. टोपी सहज उघडली. तिनं "हं" म्हटलं नाही. पुन्हा ताणली. मग बॉर्डरपासून अंगठा लावून वर सरकवत आणायला लागली, जसं आपण शिवणीतली गाठ शोधतो तसं. बॉर्डर घट्ट होती. वर बोटभर घट्ट होती. आणि मग जिथून टोपी दुधीभोपळ्यासारखी फुगली होती, तिथं तिचा अंगठा थांबला.

"इथून खाल्ला," ती म्हणाली.

विचारलं नाही, सांगितलं. तिला सुलट-उलट येत नाही. पण उन्हाळ्यापासूनची प्रत्येक टोपी तिच्या हातातून गेली होती. ती माप पाहतच नव्हती कधी. मी अजून त्रासात आहे ना, एवढंच पाहत होती.

मी पानठेलेवाल्याच्या थंडीचं सांगायला सुरुवात केली. वाऱ्यापर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं की ती ऐकत नाहीये. तिचे डोळे भरले होते आणि ते तिला आवडत नव्हतं, म्हणून ती रागानं मेथीच्या काड्या मोडत होती.

"बाबासुद्धा असेच सांगायचे," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी कोणीतरी प्रेमानं दिलेला असायचा."

मग टोपी माझ्याकडे सरकवून म्हणाली, "उसवा."

"सगळी?"

"सगळी कशाला? इथपर्यंत."

मी तिच्यासमोर बसून उसवली. विणायला दिवस लागला होता, उसवायला काहीच लागलं नाही. सरसर येणारी लोकर तिनं गुंडाळून घेतली. ती सैल लोकर वळणावळणाची झाली होती, तिला सरळ करायला तिनं गुंडा जरा जास्तच आवळून केला.

दुसऱ्या सकाळी मी मुद्दाम कोपऱ्यावरून गेलो. पानठेलेवाला टोपी घालून बसला होता. मला पाहताच अंगठा सुरू.

"मले देऊ नको गा यापुढं. मी मागितला तरी देऊ नको."

"काहून भाऊ? कमी पडला काय चुना?"

मी गाल दाखवला. बोटानं बाहेरूनच. त्याला समजलं, कारण त्याच्या धंद्यात हे समजतंच. त्यानं हातातली पन्नी खाली ठेवली. मग टोपीला हात लावून हळूच म्हणाला, "टोपी वापस घेता काय मग?"

"ठेव. तुझ्याशिवाय कोणाला येत नाही ती."

सोमवारपर्यंतचे दिवस कसे काढले ते मी सांगणार नाही, टोपीनं सांगितलंच. डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत मी विणत बसलो होतो आणि बायको शेजारी बसून गुंडा धरत होती. सुई लोकरीत शिरायला तयार नव्हती, इतके टाके आवळलेले. एका आजोबांनी मला विचारलं, "नातवासाठी का?" मी होय अशी मान हलवली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, आणि आठवडाभरात पहिल्यांदा तिच्या तोंडाचा कोपरा हलला.

आत डॉक्टरनं बोटं घालायला सांगितली. दोन सहज गेली. तिसरं नखापर्यंत गेलं. बॅटरी लागली आणि पुन्हा तो मला न आवडणारा वेळ सुरू झाला. शेवटी ती म्हणाली, चट्टा गेलेला नाही, पण वाढलेलाही नाही, थोडा फिका वाटतो. तुकडा तूर्त काढायला नको. उन्हाळ्याच्या आत पुन्हा या. मध्ये खर्रा खाल्ला का?

मी तोंड उघडंच ठेवलं. बायको म्हणाली, "एकदा. परत नाही."

म्हणजे सुटलो नाही. मुदत मिळाली. बाहेर आल्यावर मला वाटलं होतं की जीव हलका होईल, पण पायऱ्या उतरतानाच अंगठा तर्जनीवर फिरायला लागला. आता उन्हाळ्याची वाट पाहायची.

डिसेंबरात मुलगी आली. चंदीगडला जायच्या आधी चार दिवस. सकाळी अंगणात धुकं होतं, आम्ही तिघं चहा घेत होतो. मी टोपी आणून टेबलावर ठेवली. मुलीनं हात पुढे केला, पण त्याआधी तिच्या आईनं ती उचलली. बॉर्डरपासून सुरुवात केली. अंगठा लावून सावकाश, एकेक ओळ, पुढून मागून, शेंड्यापर्यंत. कुठंही थांबली नाही. मग चार बोटं आत घालून ताणली. टोपी हट्टानं उघडेना.

"हं," ती म्हणाली, आणि टोपी मुलीला दिली.

मुलीनं ती दोन्ही हातांनी ओढून डोक्यात घातली. टाके वाढवले होते म्हणून गेली, कानांपर्यंत आली. तिनं कपाळ आक्रसलं.

"आई, फार घट्ट आहे गं. डोकं दुखतंय."

"दुखू दे," बायको म्हणाली, आणि तिनं माझ्या कपात आणखी चहा ओतला.